विजेचा जमाखर्च

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात महाड येथे दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावर दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, अहवाल वाचला जातो आणि एक व्याख्यान होते. व्याख्यानाचा विषय बहुधा एखादे संतचरित्र किंवा शिवकाल असा असतो. यंदा कार्यवाहांनी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही 'घरातील गळती' हा विषय सांगितला. त्यांना वाटले, कौलांची. आम्ही म्हणालो, विजेची. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे, आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला. ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार इतकाच की, आमच्या हातून एक चूक घडली व ती आमच्या सुनेच्या जिवावर बेतली होती. ती हकिगत पुढे येईलच. परंतु ती नीट समजण्यासाठी आधी थोडा पाठ घ्यावा लागेल.

आपल्या जिल्ह्याचा आणि विजेचा संबंध जुना आहे. हा कुलाबा जिल्हा होता त्या काळी, १९१५ साली, खोपोलीस टाटांचे जलविद्युतगृह सुरू झाले, आणि १९२७ साली भिऱ्याचे. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. आमच्या पोलादपूरकडील गावात मात्र आम्ही पाढे पाठ केले ते कंदिलाच्या उजेडात. पुढे गावात खांब आले आणि घराघरांतून लाकडी पट्टीवरून दोन तारा फिरल्या. चिनीमातीचा एक फ्यूज, तीन-चार दिवे, फार तर एक पंखा, एवढाच त्या तारांचा संसार. आज त्याच तारांवर, किंवा त्यांच्याच जोडीने ओढलेल्या तारांवर, फ्रीज, मिक्सर, गिझर, धुलाईयंत्र आणि पाण्याची मोटर चालते. घरातील यंत्रे बदलली, तारांची समज मात्र कंदिलाच्या काळातीलच राहिली.

पुष्कळांचा असा समज आहे की, फ्यूज माणसाच्या रक्षणासाठी असतो. तसे नाही. फ्यूज, किंवा आता त्याच्या जागी आलेला एमसीबी, हा तारांच्या रक्षणासाठी असतो. तारेतून तिच्या ताकदीपलीकडे प्रवाह गेला तर तार तापून घरास आग लागेल, म्हणून तो तुटतो. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा असतो. म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचे हृदय बिघडण्यास त्याच्या शेकडाव्या हिश्श्याचीही गरज नाही. अंग ओले असले म्हणजे शरीराचा रोध हजार ओहमांच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टांस हजाराने भागले की २३० मिलिअँपिअर येतात. एवढा प्रवाह छातीतून गेला तर माणूस जातो, आणि एमसीबी मात्र वर तसाच चढवलेला राहतो; त्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. भारनियमनाच्या काळात फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळणारे तर आपल्यांत काही कमी नव्हते, आम्हीही त्यांतलेच.

मग माणसाच्या रक्षणासाठी काय असते? त्यासाठी एक निराळे यंत्र आहे. दुकानात त्यास आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. आम्ही येथे त्यास गळतीरक्षक म्हणू. त्याचे काम आपल्या ज्ञातीतील व्यापारी बंधूंस चटकन समजेल, कारण ते निव्वळ जमाखर्चाचे काम आहे. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेने परत आला पाहिजे. ह्या दोन्ही तारा गळतीरक्षकाच्या पोटातील एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असेल तर दोहोंचा चुंबकीय परिणाम एकमेकांस खोडून काढतो आणि कडे शांत राहते. परंतु गेलेल्यांतले थोडे जरी परत आले नाही, तर ते दुसऱ्या वाटेने जमिनीत गेले हे उघड आहे. ती वाट ओली भिंत असेल, यंत्राचा पत्रा असेल किंवा तुमच्या-आमच्या घरातील एखादे माणूस असेल. ही तूट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की, कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात प्रवाह उमटतो आणि खटका पडतो. घरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असावी. खटका पडण्यास सेकंदाचा लहानसा भाग पुरतो. तूट नेमकी ३० असेल तर जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद, आणि १५० असेल तर ४०.

ही मर्यादा कोणी अंदाजाने ठरविलेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील चार्ल्स डॅल्झिएल ह्या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांच्या हातांतून बेताबेताने प्रवाह सोडून एक गोष्ट मोजली: किती प्रवाहापर्यंत माणूस धरलेली तार आपल्या इच्छेने सोडू शकतो? पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची सुमारे साडेदहा. त्यापुढे मूठ आवळली जाते ती सुटत नाही. आपण म्हणतो, 'विजेने धरून ठेवले'. वीज धरीत नाही, आपलेच स्नायू धरतात. ह्याच डॅल्झिएलांनी १९६१ साली ५ मिलिअँपिअरच्या गळतीस तुटणारे यंत्र सिद्ध केले. आपल्यांपैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तेथील स्नानगृहात व स्वयंपाकघरात दोन बारीक बटणे असलेला प्लगपॉइंट पाहिला असेल; तो हाच. तेथे हे यंत्र पॉइंटातच बसवितात. आपल्याकडे बहुधा मेन स्विचजवळच्या बोर्डात. आपली ३० ची मर्यादा त्यांच्या ५ पेक्षा मोठी आहे हे खरे. चटका बसेल, पण प्रवाह क्षणार्धात तुटत असल्यामुळे जीव वाचेल, असा तिचा हिशोब आहे.

आता कोणी म्हणेल, 'गुरुजी, आमच्याकडे अर्थिंग आहे, मग हे कशाला?' ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मातीत आहे. महाड-पोलादपूरकडे वर जांभा आणि खाली काळा पाषाण. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर अर्थिंगचा खड्डा बरे काम करतो. फाल्गुन-चैत्रात तीच जमीन कोरडी ठणठणीत होते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दहा वर्षे लोटलेली असतात, पाणी तर कोणी घातलेलेच नसते. समजा, अर्थिंगचा रोध २० ओहम झाला आणि गिझरची फेज आतून पत्र्यास लागली. ओहमचा नियम आमचे विद्यार्थी अजून विसरले नसतील: २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ह्यास पडणार नाही. गिझरचा पत्रा जिवंत राहील, वीजबिल वाढेल आणि नळाखाली हात घालणाऱ्याची वाट पाहत ती फेज तशीच बसेल. गळतीरक्षकास मात्र ३० मिलिअँपिअर पुरतात. अर्थिंगचा रोध साडेसात हजार ओहमांपर्यंत बिघडला तरी तो खटका पाडील. ह्याचा अर्थ अर्थिंग नको असा नव्हे. अर्थिंग असेल तर दोष होताक्षणीच खटका पडतो. नसेल तर कोणाचा तरी हात लागल्यावर पडतो. दोहोंतील अंतर ज्याचा हात असेल त्यास विचारावे.

आता आमची हकिगत.

२०२१ च्या जुलैची २२ तारीख महाडकरांस सांगावी लागत नाही. त्याच दिवशी तळियेस दरड कोसळली, आणि सावित्री-गांधारीचे पाणी शहरात शिरले. २००५ चा पूर पाहिलेल्यांनाही ते पाणी नवे होते. आमच्या घरात ते छातीपर्यंत होते. चिखल उपसल्यावर वायरिंग नव्याने करणे भाग पडले. ते करावयास आला तो वायरमन आमचाच विद्यार्थी. त्याने सांगितले, 'गुरुजी, सगळेच बदलू, अर्थिंगही नवे करू.' खर्चाचा आकडा ऐकून आम्ही म्हणालो की, पुढच्या खोल्यांचे कर, मागील पडवीचे आहे ते राहू दे, आणि जुना खड्डाही चालेल. त्याने पुष्कळ सांगून पाहिले; शेवटी निदान गळतीरक्षक तरी बसवीन असे म्हणून तो बसविला.

पुढील वर्षीच्या आषाढापासून तो खटका पडू लागला. कधी सकाळी, कधी दुपारी. सगळे घर बंद. टीव्ही बंद, फ्रीज बंद. चढवावा, तासाभराने पुन्हा पडावा. आमचा संताप होई. आम्ही वायरमनास बोलावले व ते यंत्रच निकामी आहे, ते वगळून तारा सरळ जोडून टाक, असे सांगितले. तो म्हणाला, 'गुरुजी, यंत्र चांगले आहे. कुठेतरी गळती आहे, मला एक दिवस द्या, शोधून देतो.' आम्ही म्हणालो, 'पाऊस उघडल्यावर शोध. आज जोडून दे.' चौथीत ज्याने आमच्या हातच्या छड्या खाल्ल्या, तो आमच्यापुढे 'नाही' कसे म्हणणार? त्याने तारा जोडल्या. घर सुरळीत चालू लागले आणि आम्हांस समाधान वाटले.

श्रावणातील एका सकाळी पडवीतून विचित्र आवाज आला. आमची सून धुलाईयंत्राचे झाकण उघडावयास गेली होती. जमीन ओली, पाय अनवाणी. तिची बोटे पत्र्याच्या कडेवर आवळली गेली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आम्ही धावलो ते तिला धरून ओढण्यासाठीच. म्हणजे आणखी एक चूक करावयास. आमच्या मंडळींनी आम्हांस मागे लोटले, भिंतीशी उभा असलेला कोरडा लाकडी पाट उचलला आणि त्याने सुनेच्या मनगटावर तडाखा मारला. हात सुटला. नंतर नातवाने मेन पाडला. दोन दिवस तिला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागले. मनगटाचे हाड दुखावले होते. ते दुखणे महिनाभर पुरले. तिने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आला, तोही काही बोलला नाही. त्याने पडवीतील प्लगपॉइंट उघडला. आत पुराचा वाळलेला गाळ तसाच होता. पावसाळी हवेने तो ओलावला की, त्यातून फेजचा प्रवाह अर्थच्या तारेत झिरपत होता. आणि ती अर्थची तार? अंगणातील खड्ड्याशी तिचा जोड गंजून केव्हाच तुटला होता. म्हणजे घरातील हिरवी तार जमिनीस लागलेलीच नव्हती. ती गळालेली वीज जमिनीत नेण्याऐवजी धुलाईयंत्राच्या पत्र्यावर आणून सोडत होती. यंत्राचे पाय ओल्या फरशीवर असले की, थोडा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जाई आणि खटका पडे. मंडळींनी तेव्हा आठवून सांगितले की, खटका नेहमी धुण्याच्या वेळीच पडत असे. आम्ही चाळीस वर्षे मुलांना 'निरीक्षण करा, नोंद ठेवा' म्हणून सांगितले, आणि आमच्याच घरातील ही साधी नोंद आम्ही केली नाही.

म्हणून आज विनंती करावयाची ती ही की, खटका पडू लागला तर त्याच्यावर रागावू नये. सगळी उपकरणे प्लगमधून काढावीत, खटका चढवावा आणि एकेक लावीत जावे. ज्याच्या वेळी पडेल ते उपकरण दुरुस्तीस द्यावे. काहीही लावलेले नसताना पडत असेल तर दोष तारांत किंवा पॉइंटात आहे. तेथे आपला हात लावू नये, वायरमनास बोलवावे. आपल्या भगिनींस तर आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. 'आमचा फ्रीज जरा मुंग्या आणतो, म्हणून मी चप्पल घालून उघडते' असे किती घरांत म्हटले जाते? मुंग्या येणे म्हणजे गळती आहे असा स्पष्ट अर्थ. चप्पल हा उपाय नव्हे.

नवे काम करून घेताना काय पाहावे हे थोडक्यात सांगतो. काम परवानाधारक माणसाकडूनच करावे. आमचे हे व्याख्यान ऐकून कोणी पक्कड हाती घेऊ नये. परंतु मालकाने विचारावयाचे प्रश्न आहेत. फेज आणि न्यूट्रल ह्या दोन्ही तारा गळतीरक्षकातून गेल्या आहेत काय? अर्थची हिरवी तार त्यातून जाता कामा नये; ती स्वतंत्रपणे खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे. गळतीरक्षकापुढील न्यूट्रल दुसऱ्या कोणत्याही न्यूट्रलमध्ये अथवा अर्थमध्ये मिसळता कामा नये. जुन्या घरांत येथेच घोटाळा होतो: एका खोलीची फेज, दुसऱ्या खोलीची न्यूट्रल, मग जमाखर्च जुळणार कसा? इन्व्हर्टर बसविताना त्याची न्यूट्रल घराच्या न्यूट्रलशी जोडून टाकतात, त्यानेही वारंवार खटका पडतो आणि दोष बिचाऱ्या यंत्रास येतो. खोक्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले पाहूनच घ्यावे. १०० व ३०० चीही मिळतात, परंतु ती माणसाच्या रक्षणासाठी नव्हेत. तसेच गळतीरक्षकाबरोबर एमसीबी हवाच, कारण जास्त भाराकडे गळतीरक्षक पाहत नाही.

शक्य असेल त्यांनी संपूर्ण घरास एकच न बसविता मोरी, स्वयंपाकघर व पडवी ह्यांच्या पॉइंटांसाठी वेगळा बसवावा. ह्यास थोडा खर्च अधिक येतो. परंतु एका गळतीने सगळे घर अंधारात जात असेल तर घरातील माणूस आमच्यासारखाच वैतागतो आणि आमच्यासारखाच हुकूम सोडतो. बैठकीच्या खोलीस नक्षीचे छत करणाऱ्यांनी पैशाची अडचण सांगू नये.

गळतीरक्षकावर 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे; खटका पडला पाहिजे. न पडल्यास यंत्र बदलावे. आमच्या घरी ते संकष्टीच्या दिवशी दाबतात, म्हणजे तिथी विसरत नाही. मात्र ह्या बटणाने यंत्राची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाही. ती निराळी करून घ्यावी लागते. आणि एक मर्यादाही सांगितली पाहिजे: एका हाती फेज आणि दुसऱ्या हाती न्यूट्रल धरली तर जमाखर्च बरोबर जुळतो, आणि गळतीरक्षक स्वस्थ बसून राहतो.

मुंबईकर बांधवांसाठी दोन शब्द. आपली गावची घरे शिमग्यानंतर बंद होतात ती गणपतीस उघडतात. मधले चार महिने पाऊस, ओल आणि उंदीर ह्यांचे राज्य. आपण चतुर्थीच्या आदल्या रात्री एस.टी.तून उतरता, दार उघडता, आणि पहिले काम मेन चढविण्याचे करता. मग मखरास माळा, सात घरांच्या जोडलेल्या वायरी, त्यांवर चिकटपट्टी. जाताना मेन पाडून जावे. आल्यावर आधी गळतीरक्षकाचे बटण दाबून पाहावे आणि मगच माळा लावाव्या.

पुरासंबंधी महाडकरांस काही शिकविण्याचा आव आम्ही आणत नाही. पण बोर्ड आणि पॉइंट २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावेत; ती खूण अजून पुष्कळांच्या भिंतींवर आहे. पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वी, पाय कोरडे असतानाच मेन पाडावा. पाणी आत आल्यावर त्यात उतरून मेनकडे जाऊ नये. ओसरल्यावर वायरमनाने ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचा रोध मोजावा, तो १ मेगओहमपेक्षा कमी नसावा, आणि बुडालेला प्रत्येक पॉइंट उघडून बदलावा. पडवीचासुद्धा.

आमचा तो विद्यार्थी आज आपल्या विनंतीस मान देऊन येथे आला आहे. मागच्या रांगेत, खांबाशी बसला आहे. त्याने एका फळीवर दिवा, पॉइंट आणि गळतीरक्षक बसवून आणले आहेत. पंगत बसण्यापूर्वी ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी त्याच्याकडे जावे. बटण कोणीही दाबावे, लहान मुलांनीही. मात्र तारांविषयी काही सांगावयाचे असेल तर त्याने सांगावे आणि आपण ऐकावे. आमच्या घरी आता तशीच पद्धत आहे.